ऑक्सिजन सुरू

पोपट हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण ॲम्ब्युलन्सच्या डेपोत दुसऱ्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. श्वास थांबला तर आधी काय, रक्त थांबेना तर काय, कुणी विचारायचा अवकाश, की हिची टकळी सुरू. पाठांतर असं, की शिकवणारे सर स्वतः अडले तर हिच्याकडे बघायचे. याआधी ती पडद्यांच्या दुकानात कापड मापून द्यायची. ते सोडून ही इकडे निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिथे माप चुकलं तर कापड वाया जातं बाई. इथे काय वाया जाईल, विचार केलास का?" बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

आज तिच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस होता. तिच्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या मॅडम संध्याकाळी "चालेल" म्हणाल्या, की नोकरी पक्की. नाही म्हणाल्या, की आहेतच पडदे. तिने डबा उघडला आणि तसाच मिटला.

"काय पोपट, आज मिठू मिठू नाही?" ड्रायव्हरने चिडवलं. तिला हसूसुद्धा आलं नाही.

दुपारी फोन आला. तिसऱ्या मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ, न्यूमोनियाने आजारी, दम आवरत नव्हता. लिफ्ट बंद. दार त्यांच्या मुलीने उघडलं, चाळिशीतली बाई, फोन अजून कानालाच. म्हातारबाबा खुर्चीच्या कडेला पुढे वाकून बसलेले, ओठ निळसर, एका श्वासात धड एक शब्द निघेना.

"तू सुरू कर," मॅडम म्हणाल्या. "आम्ही उतरवायची खुर्ची घेऊन येतो." त्या आणि ड्रायव्हर जिना उतरले.

एकटी पडल्यावर तिचे हात भराभर चालले. बाबांना ताठ बसवलं, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती ऐकली, सोबतच्या छोट्या सिलिंडरची नळी जोडून मास्क बांधला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "ऑक्सिजन सुरू, पंधरा लिटर." जिन्यातून मॅडमनी ते ऐकलं आणि त्या निर्धास्त झाल्या.

आता इथे वर्गातली एक गोष्ट सांगायला हवी. वर्गातला सिलिंडर कायम रिकामा असायचा. रोज भरणार कोण? त्यामुळे सरावाच्या बाहुल्याला मास्क लावायचा, "ऑक्सिजन सुरू" असं मोठ्याने म्हणायचं, सरांनी मान डोलवायची, पुढे चला. सिलिंडरच्या नॉबला कुणी हात लावत नसे, आणि बाहुल्याने कधी तक्रार केली नाही. तेच आज झालं. ती म्हणाली, आणि पुढे गेली. नॉब बंदच राहिला.

खुर्ची आली. बाबांना बसवून जिना उतरायला लागले, तसे ते मास्क ओढायला लागले. दम लागला की माणूस घाबरतो, मास्क काढू बघतो, हे तिला तोंडपाठ होतं.

"आजोबा, राहू द्या. त्यानेच बरं वाटणार आहे," तिने मास्क परत नीट दाबला. त्यांनी परत ओढला. मग ती मुलीला म्हणाली, "ताई, जरा हात धरता का त्यांचे?"

मुलीने त्यांचे दोन्ही हात धरले. तशीच आडवी आडवी पायऱ्या उतरत राहिली. "बाबा, ऐका ना त्यांचं. थोडाच वेळ." बाबा मान हलवत होते. नजर मुलीवरून हटत नव्हती.

गाडीत मोठ्या सिलिंडरला मास्क जोडायचा, म्हणून पोपट छोटा बंद करायला वाकली. नॉब फिरेना. जोर लावला, तरी फिरेना. मग लक्षात आलं, की तो आधीच बंद आहे. मास्कखाली ऑक्सिजनने फुगायला हवी ती पिशवी चपटी पडलेली. तिने नळी मोठ्या सिलिंडरला जोडून त्याचा नॉब उघडला, पिशवी फुगली, बाबांनी लांब श्वास ओढला आणि मास्क ओढणं आपोआप थांबवलं.

कुणी पाहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिचं तिलाच वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. बाबा आता बरे होत होते ना? मग बोलून कुणाचं भलं होणार होतं?

मॅडम मॉनिटरच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत म्हणाल्या, "अजून चौऱ्याऐंशीच? घरापासून ऑक्सिजन चालू आहे, तरी?"

तिने बाबांच्या बोटाचा चिमटा काढून परत नीट बसवला.

इस्पितळात मॅडमनी डॉक्टरांना तेच सांगितलं, घरापासून पूर्ण ऑक्सिजन, तरी चौऱ्याऐंशी. "म्हणजे ऑक्सिजनला दाद देत नाहीयेत," डॉक्टर म्हणाले. "भूल देऊन घशात नळी घालू. तयारी करा." या वयात ती नळी निघेलच याची खात्री कुणी देत नाही, हेही तिला पाठ होतं. नर्सने ट्रे उघडला. मुलगी दारातच उभी होती.

"डॉक्टर, थांबा." पोपटला आपलाच आवाज ओळखू येईना. "घरापासून नव्हता. नॉब बंद होता, मी उघडलाच नाही. गाडीत बसल्यावर मिळाला त्यांना."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टर रागावले नाहीत, तेवढा वेळच नव्हता. "म्हणजे आत्ताच मिळायला लागलाय," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "मग थांबू या थोडं." आकडा सत्त्याऐंशी झाला. मग नव्वद. मग त्र्याण्णव. ट्रे परत झाकून ठेवला.

बाहेर मॅडम म्हणाल्या, "पिशवी फुगली का, हे मीही बघायला हवं होतं. पण आज मी चालेल म्हणणार नाही." तिने मान डोलावली. तिला ते बरोबरच वाटलं.

मुलगी बाकावर बसली होती. पोपट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हणजे बाबा मास्क काढत होते," मुलगी हळूच म्हणाली, "ते घाबरून नव्हे."

"नाही. त्यांना हवा मिळत नव्हती."

"आणि मी त्यांचे हात धरले होते."

"मी सांगितलं म्हणून धरलेत तुम्ही. चूक माझी आहे, तुमची नाही."

ते तिच्या कानात शिरलंच नाही. तेवढ्यात नर्स डोकावली, "बाबा तुम्हाला बोलावताहेत, शुद्धीवर आहेत अगदी." मुलगी उठली. दारापाशी घुटमळली. मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन आत गेली.