झिजलेली वजनं

तराजूवाल्याने आपलं पितळी वजन पारड्यात ठेवलं, काट्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“मावशी, चर्चचा तराजू बिघडलाय. कमी दाखवतोय.”

“कालपर्यंत तर धडधाकट होता. नीट बघ.”

मावशी म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची जुनी मालकीण. अकरा वर्षांपूर्वी याने औषधवाल्याचा तराजू न तपासताच ‘ठीक’ म्हणून शिक्का मारला आणि चुकीच्या मात्रेने मावशींचा डावा कान कायमचा गेला. त्यांनी केव्हाच माफ केलं. यानेच स्वतःला सोडलं नव्हतं. तेव्हापासून तो चर्चचे, दवाखान्याचे तराजू फुकट दुरुस्त करायचा आणि रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं, ताट आलं की न घेता पुढे सरकवायचा. अजून लायक झालो नाही म्हणे. “लायक होईपर्यंत तोंडात दात तरी राहतील का तुमच्या?” बायको विचारायची.

“माझी वजनं चुकायची नाहीत,” तो म्हणाला. “दर महिन्याला एकमेकांशी ताडून बघतो.”

“एकमेकांशीच?”

त्याचा हात थांबला. दुकानातल्या कपाटातून त्याने लाकडी डबा काढला. आतलं प्रमाण वजन, ज्याच्याशी बाकीची ताडायची ते, फडक्याने धरून पारड्यात ठेवलं. काटा बरोब्बर जागेवर आला. मग त्याने आपली वजनं एकेक करून ताडली. सगळी झिजली होती, आणि सारखीच झिजली होती, म्हणून इतके दिवस एकमेकांशी गुण्यागोविंदाने जुळत होती. तो स्टुलावर बसला.

“तराजू ठीक आहे मावशी. माझीच वजनं कमी भरतायत. शिसं ओतून भर घालावी लागेल.”

“आणि या डब्यातल्या वजनात कधी घातलंस शिसं?”

“त्यात काय घालायचं? ते पुरंच असतं.”

“मग अकरा वर्षं स्वतःत कशाला ओततोयस, बाबा?”

“मावशी, तुमचा कान...”

“माझा कान तुझ्या शिशाने यायचा नाही. ख्रिस्त पुरा आहे. आणि तो तुला नुसता तोलायला आला नाही रे, तुझ्याच पारड्यात उतरून बसलाय. देवासमोर तुझं नीतिमत्त्व तोच.”

कान टोचावेत ते सोनारानेच. त्याने प्रमाण वजन पुसून डब्यात ठेवलं आणि त्याच फडक्याने डोळे पुसले.

रविवारी प्रभुभोजनाचं ताट आलं. बायकोने सवयीने ते घ्यायला हात पुढे केला. याने दिलं नाही. आधी भाकरीचा तुकडा उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला. मगच ताट तिच्यापुढे केलं. तिला ते धरायचं भानच राहिलं नाही.

मग तारणाचं गीत सुरू झालं आणि हा उभा राहून छाती फुटेस्तोवर गायला लागला. सूर एकीकडे, हा दुसरीकडे. पेटीवाल्याने दोनदा वळून पाहिलं. बायकोने कोपर मारलं. आनंद काही आवरेना त्याला.

पुढच्या बाकावर मावशींनी मान वळवली आणि चांगला कान त्याच्याकडे केला.