नऊ बाय साडेआठचा खिसा

रविवारी सकाळी नऊच्या आत गाड्यांची रांग शोरूमच्या फाटकातून बाहेर पडून पार पेट्रोलपंपापर्यंत पोचलेली असायची. नव्या गाड्या घ्यायला एवढी गर्दी त्या शोरूमने जन्मात पाहिली नव्हती. लोक जुन्याच गाड्या घेऊन यायचे, आणि यायचे ते वायुमहाराजांसाठी.

वायुमहाराज गेल्या वर्षापर्यंत तिथेच काउंटरवर बसून सर्व्हिसला आलेल्या गाड्यांची नोंद करायचे. मग एके दिवशी म्हणे त्यांना साक्षात्कार झाला, की गाडीला नाक असतं आणि त्या नाकात घरादाराचं दुःख अडकून बसतं. साक्षात्कारानंतर त्यांनी टाय सोडला आणि ढगळ बाह्यांचा पांढरा कोट चढवला. मॅनेजरने टाय सोडला नाही. कुणीतरी पावत्या फाडायला हवंच होतं ना.

महाराज पुढच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे आणि डॅशबोर्डला कान लावायचे. "ह्या घरात कुणालातरी दमा आहे," असं काहीतरी सांगायचे. घरात कुणाला काय होतंय ते अर्ध्या तासापूर्वी फॉर्मवर लिहून दिलेलं असायचं, तरी लोक तोंडात बोटं घालायचे. मग समोरच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून, थोडं विव्हळून, महाराज एक काळीकुट्ट, चुण्याचुण्यांची जाळी बाहेर काढायचे.

"ही धूळ नव्हे," जाळी गर्दीपुढे नाचवत ते म्हणायचे. "धूळ झटकली की जाते. हा मत्सर आहे. बघा कसा चिकटून बसलाय."

मत्सर चांगला बोटभर जाड असायचा.

गर्दीत उभ्या असलेल्या टेलरबाईला ती जाळी ओळखीची वाटली. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं, आणि चुण्या मोजणं हा तिच्या डोळ्यांचा चाळाच होता. आदल्या रविवारी शेजारच्या पोस्टमास्तरकाकांच्या गाडीतून जाळी निघाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या चुणीत एक मेलेली पाकोळी अडकलेली होती. आज तिच्या स्वतःच्या गाडीतून जाळी निघाली, आणि तिसऱ्या चुणीत पुन्हा पाकोळी. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण तेवढ्यात सासूबाई गाडीत बसल्या, महाराजांनी काहीतरी फवारलं, एसी चालू केला, आणि सासूबाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"किती हलकं वाटतंय गं," त्या म्हणाल्या.

"माते, आता दम्याच्या पंपाची गरज नाही," महाराज म्हणाले. "पंपाने श्वास परावलंबी होतो."

आणि वीस वर्षं दम्याचा पंप उशाशी ठेवून झोपणाऱ्या सासूबाईंनी तो पर्समधून काढून महाराजांच्या परडीत टाकला. परडीत आधीच आठ-दहा पंप होते. टेलरबाईला हे पटलं नाही. चारचौघांत काय बोलायचं म्हणून ती गप्प बसली, आणि नंतर आठवडाभर त्याबद्दल स्वतःला शिव्या देत राहिली.

बुधवारपर्यंत सासूबाईंना दोन खोल्या चालणं होईना. खिडकीपाशी खुर्चीवर पुढे वाकून बसायच्या, खांदे वरखाली व्हायचे, गळ्यातून शिट्टी वाजायची. टेलरबाईने औषधाच्या दुकानातून नवा पंप आणला. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"आतली घाण निघतेय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "महाराज म्हणाले होते, त्रास होईल."

"आई, डॉक्टरांकडे तरी चला."

"महाराजांनी सांगितलं तरच पंप घेईन."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा म्हणाला, "आईच्या श्रद्धेचा प्रश्न आहे गं." असं म्हणून तो ऑफिसला निघून गेला. दरवेळी कठीण प्रश्न आला की त्याला ऑफिसची वेळ होते.

टेलरबाई तडक खाली गाडीत जाऊन बसली. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण कप्प्यात गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती. पुस्तिकेला आजवर कुणी हात लावला नव्हता. त्यात चित्रासकट दिलं होतं, की बाहेरून आत येणारी हवा एका कागदी जाळीतून गाळली जाते. कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबा, कप्पा खाली ओढा, मागची पट्टी काढा आणि जाळी सरकवून बाहेर घ्या. तिने तसं केलं. पाच मिनिटं लागली, त्यातली तीन भीती मोडण्यात गेली.

जाळी निघाली ती काळी नव्हती. करडी होती, आणि तिच्यावर निळ्या सुताची लव बसलेली होती. शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे ह्याच गाडीतून वर्षभर वाहिले होते, हे सूत दुसऱ्या कुणाचं असणार? जाळीला सर्दीच्या मलमाचा उग्र वास येत होता. म्हणजे महाराजांनी जाळी काढलीच नव्हती, नुसता वास फवारला होता. मलमाने नाकाला गार वाटतं. छातीतली नळी होती तेवढीच अरुंद राहते.

मग ती पाकोळीवाली काळी जाळी आली कुठून? सवयीने तिने गळ्यातली टेप काढून हातातली जाळी मोजली. साडेआठ बाय आठ, जाडी सव्वा इंच. आकडा वाचला आणि ती तशीच दुकानात धावली.

दुकानातल्या मापांच्या वहीत, सहा महिन्यांपूर्वीच्या पानावर, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पांढरा ढगळ कोट, कापड आणि माप शोरूमचा माणूस देऊन गेला. डावीकडे आतून खिसा, नऊ बाय साडेआठ, दीड इंच खोल, तोंड बाहीकडे, बटण नको. अर्धा इंच सैल तिने स्वतःच धरला होता. एवढा विचित्र खिसा कशाला, असं तेव्हा मनात आलं होतं. वही ठेवत असतील म्हणून तिने दामटून शिवला होता, तळाला दुहेरी शिवण घालून. तिने पानाचा कोपरा दुमडून वही पिशवीत टाकली. तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी तिने सुट्या भागांच्या दुकानातून नवी जाळी आणली, हवेच्या दिशेचा बाण बघून स्वतः बसवली आणि कडेवर शिवणाच्या खडूने तारीख घातली. रविवारी ती सासूबाईंना म्हणाली, "चला, महाराजांनाच विचारू." सासूबाई आनंदाने तयार झाल्या.

महाराजांनी कान लावला, हात घातला, विव्हळले. काळी जाळी बाहेर आली.

"ही आमच्याच गाडीतली?" टेलरबाईने विचारलं.

"तुमच्याच, माते. सासूसुनेतला राग आहे हा."

गर्दी हसली. टेलरबाईने वाकून कप्पा खाली ओढला, पट्टी काढली आणि पांढरीशुभ्र जाळी बाहेर घेतली. "मग ही कुणाची? तारीख कालची आहे, खडू माझा आहे."

महाराजांनी जाळीवरून हात फिरवला. "माझ्या स्पर्शाने शुद्ध झाली."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांना पुरावा दाखवला तर ते पट्टीचं कौतुक करतात.

टेलरबाईने वही उघडली. "महाराज, डावा हात जरा वर करा."

"संतांच्या वस्त्राला हात लावणार?"

"लावून झालाय. कोट मी शिवलाय." तिने ते पान मोठ्याने वाचून दाखवलं, मग टेप काढून सगळ्यांसमोर काळी जाळी मोजली. साडेआठ बाय आठ.

महाराजांनी दंड अंगाशी घट्ट आवळला. पोस्टमास्तरकाका पुढे झाले आणि जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं जपलेल्या हाताने त्यांनी कोट अलगद उघडला. आत रिकामा खिसा होता. पांढऱ्या अस्तरावर जाळीच्या मापाचा काळा चौकोन उमटलेला होता, आणि खाली कमरपट्ट्यात मलमाच्या वासाची फवारणीची बाटली खोवलेली होती. काकांनी मग जाळी हातात घेऊन तिसरी चुणी उकलली.

"ही पाकोळी माझ्या गाडीतला मत्सर होती," ते म्हणाले. "फिरायची फार हौस दिसते हिला."

मॅनेजरने काखा वर केल्या, तो कार्यक्रम आपला नव्हेच म्हणून. परडीतले पंप लोक गुपचूप उचलायला लागले, एकमेकांकडे न बघता.

सासूबाई सीटवरच होत्या. ओठ निळसर पडले होते, शिट्टी फाटकापर्यंत ऐकू येत होती. टेलरबाईने पंप पुढे केला नाही, नुसता तळहातावर धरला. सासूबाईंनी त्या काळ्या चौकोनाकडे बघितलं, मग सुनेकडे.

"दे," त्या म्हणाल्या.

तिथून त्यांनी थेट डॉक्टर गाठला. संध्याकाळी घरी चहा घेताना सासूबाई अख्खं वाक्य बोलू शकत होत्या, आणि ते त्यांनी लगेच वापरलं.

"एवढा चमत्कारिक खिसा शिवलास, आत काय ठेवणार म्हणून विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं, आई. चुकलं माझं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "मी तरी कुठे विचारलं," त्या म्हणाल्या.

एवढंच तर आहे सगळं. मळलेली जाळी पाच मिनिटांत आपल्या हाताने बदलता येते. शोरूममध्ये बदलून घ्यायची तर खुशाल घ्यावी, पण जुनी जाळी निघताना समोर उभं राहावं. दम लागला तर डॉक्टरकडे जावं. आणि कुणी काही अद्भुत दाखवलं, तर हात जोडण्याआधी ते कुठून काढलं एवढं विचारावं. विचारल्याने कुणाचा देव कोपत नाही, कोपतो तो कोटवाला.

सासूबाई आता दुपारी दुकानात येऊन बसतात, पंप मांडीवर ठेवून. कुणी आतला खिसा सांगितला की सून माप घ्यायच्या आधी त्या मान वर करतात.

"आत काय ठेवणार?" त्या विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत टेप सुनेच्या हातात देत नाहीत.