पोपटी तुकड्याची गोधडी

...तुकडा पोपटी होता आणि त्यावरची पांढरी कोयरी अर्धीच उरली होती, अर्धी टाक्याखाली दुमडून गेलेली. झुंबरबाई त्या अर्ध्या कोयरीकडेच बघत राहिली. बाकीची गोधडी चावडीपुढच्या कोवळ्या उन्हात पसरली होती, आणि तिच्यावरचा वाळलेला काळा डाग नजरेला पडू नये एवढीच तिची धडपड. पोपटी लुगडं तिचंच. धाकट्या कानिफनाथाच्या वेळी पोटुशी असताना नेसायची ते... आणि तोच कानिफ नागापूरच्या कारखान्यात लागला तेव्हा शिवून दिलेली ही.

तिथल्या मुकादमाचं प्रेत कोरड्या विहिरीत सापडलं, ते हिच्यात गुंडाळलेलं. तेव्हापासून लालमहंमद हवालदार ती गावोगाव पसरतो, बायांना बोलावतो. गावातल्या सगळ्याजणी बघून बाजूला बसल्या. कुणी ब्र काढला नाही. मीही नाही काढणार — ओठ घट्ट मिटूनच आली होती ती.

"कुन्या आळशी बाईचं काम हाय," हवालदार म्हणाला. "टाकं बघा, कोंबडी चालल्यागत!"

"डोळं फुटलं का रं तुझं? माझा टाका हाय त्यो! तुझ्या घरात हाय का कुनाला असा हात?"

झुंबरबाई बोलून बसली होती. जन्मभर टोमणे मारणाऱ्या शेजारच्या लंकाबाईनं मान खाली घातली... तिची कीव नको होती मला, तिची तरी नको होती.

हवालदार हसला नाही. समोर उकिडवा बसला. "मामी, मंग कुनाला दिल्ती ही?"

बोहारणीला दिली म्हणावं. चोरीला गेली म्हणावं. पण तिचा हात त्या अर्ध्या कोयरीवरूनच फिरत राहिला.

"पायाकडनं दुमडून आत खोवली हुती," तो हळू म्हणाला, "थंडी लागू ने म्हून खोवत्यात तशी. मारनारा असं करतो व्हय?"

करतो. मी तशीच खोवायची कानिफच्या पायाशी, निजेत पाय उघडे टाकायची खोड त्याला... मेल्या माणसाचे पाय झाकले माझ्या लेकानं. रडू यावं, संताप यावा, त्या मुकादमाच्या बायकोचं तोंड तरी डोळ्यांपुढं यावं — काही येईना. यंदा थंडी लई, आणि पोरानं अंगावर काय घेतलं असेल, एवढंच येत होतं, आणि आपल्याला एवढंच सुचतंय याचीच तिला भीती वाटू लागली.