प्रेक्षकांचं वर्तन: समाधानकारक

गेली अकरा वर्षं शिट्टीमास्तर दर रविवारी दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या फुटबॉलला पंच म्हणून उभा राहायचा आणि पोरांचे आईबाप त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पोरं बिचारी निमूट खेळायची, खरी मारामारी कुंपणाबाहेर! कुणी डॉक्टर, कुणी मुख्याध्यापिका, एरवी रांगेत "आधी तुम्ही" म्हणणारी माणसं. पण लेकाचा फाउल धरला रे धरला की, "आंधळ्या, किती खाल्लेस?" अहो, बक्षीस म्हणजे प्लॅस्टिकचा कप! त्यासाठी लाच कोण देणार, कपाळ!

घरी आला की मास्तर न्हाणीघरात शिरायचा, नळ पूर्ण सोडायचा आणि रडून घ्यायचा. बायको म्हणायची, आमच्या ह्यांना स्वच्छतेचं भारी वेड. मग तो सामन्याचा अहवाल भरायला बसायचा. शेवटचा रकाना, प्रेक्षकांचं वर्तन. तिथे लिहायचा, 'समाधानकारक'. उगाच कशाला डोक्याला ताप!

या रविवारी त्याच्या एकोणीस वर्षांच्या लेकीने पहिल्यांदा शिट्टी हातात घेतली. परतली ती तडक न्हाणीघरात. नळ धो धो सुटला. मास्तरच्या हातातला घास हातातच राहिला. संध्याकाळी तिने मुकाट्याने अहवाल भरला आणि फुटबॉल संघटनेच्या कचेरीत देऊन आली.

दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या पोरांकडून झाला प्रकार कळताच मास्तर संघटनेच्या सचिवावर जाऊन बरसला. "माझ्या पोरीला लोक नाही नाही ते बोलले! तुमचाही लेक खेळत होता, तुम्हीही ओरडत होतात! लाज वाटत नाही?"

सचिवाने शांतपणे कपाटातून फायली काढल्या. "अकरा वर्षांत तुमची एक तक्रार नाही हो. सगळं समाधानकारक. अक्षर तुमचंच ना?"

"माझं जाऊ दे खड्ड्यात. तिचा अहवाल काढा."

सचिवाने तोही पुढे सरकवला. लेकीचं टपोरं अक्षर आणि शेवटच्या रकान्यात तोच शब्द.

घरी येऊन त्याने विचारलं, "असं का लिहिलंस गं?"

"पहिलाच अहवाल ना, बाबा. कसा भरतात ठाऊक नव्हतं. घरातल्या तुमच्या जुन्या प्रती बघून लिहिला." मग खाली बघत म्हणाली, "नळसुद्धा तुमचं बघूनच सोडला."

मास्तरला भडभडून आलं. पण या वेळी तो न्हाणीघरात गेला नाही. तिच्यासमोरच डोळे पुसले आणि कोरा कागद पुढे ओढला.

"बस इथे. कोण काय म्हणालं, सगळं सांग. सचिवापासून सुरुवात कर."