कूलरच्या पोटातून

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, तरी तुमच्या अंगठ्याच्या नखावर मावेन. मी बिनतारी चिप. माझे काम हवेतून निरोप पाठवण्याचे. थोडे बोलायचे आणि सेल वाचावा म्हणून झोपायचे, ही माझी रीत. माझी गोष्टही तशीच तुकड्यातुकड्यांनी सांगेन. रागावू नका.

झोपले.

जागी झाले. जन्माचे काही आठवत नाही. आठवते ते हिंगण्याच्या शेडमधले टेबल. मिनल आणि प्रशिक तिथे एक यंत्र बनवत होते: कूलरच्या टाकीतले पाणी संपत आले की घरात शिट्टी वाजवणारे. निरोप नेण्यासाठी चिप निवडायची होती. माझ्याशेजारी दुसरी होती. झपाझप बोलणारी, अंगातच अँटेना असलेली. मला मात्र वायरची अँटेना वेगळी जोडावी लागे.

"हिले शेपूट लावा लागते," प्रशिक हसला. "अन् बोलते किती हळू! बैलगाडी आहे वं ही."

टेबलावर दुसरी जिंकली. मी डबीत गेले.

झोपले. पुष्कळ झोपले.

जागी झाले ती नंदनवन नावाच्या वस्तीत, मिनलच्या आत्याच्या मागच्या अंगणात, अजून डबीतच. आत्या, म्हणजे यमुताई, एकट्याच राहतात. कूलर खिडकीबाहेर. भरायचा नळ स्वयंपाकघरात, पण टाकी किती उरली ते बघायला पायऱ्या उतरून जावे लागते आणि गुडघे ऐकत नाहीत. त्याआधीच्या मे महिन्यात भर दुपारी पाणी संपले, पंप जळला आणि आत्या घेरी येऊन पडल्या. तेव्हापासून मिनलचा धोशा होता, मनीषनगरला माझ्याकडे राहायला चल. हे यंत्र चालले नाही तर आत्यांचे घर सुटणार होते.

दुसऱ्या चिपला आत बसवून मिनलने टाकी रिकामी केली. शिट्टी वाजलीच नाही.

"काहून वं मिनल," आत्यांनी आतून विचारले, "वाजून राहिली का तुमची शिट्टी? का बांधू माझं बोचकं?"

मिनलने कूलरची एक बाजू उघडली. शिट्टी वाजली. बंद केली. शिट्टी पुन्हा गप्प.

"चहूकडून पत्रा, आत ओलं गवत, निरोप बाहेर निघंल कसा," ती कपाळावर हात मारत म्हणाली. "अन् आपण टेबलावर परीक्षा घेऊन राहिलो होतो! प्रशिक, ती बैलगाडी आण."

मला आत बसवले. पाण्याच्या नळीच्या भोकातून माझे शेपूट बाहेर काढले. टाकी आटली. मी हळूहळू म्हटले, पाणी संपले.

स्वयंपाकघरात शिट्टी अशी किंचाळली की भांडे पडले.

"अगं बाई! उघडते, उघडते नळ!"

"घे," प्रशिक म्हणाला, "बैलगाडीच पोचली."

झोपले.

जागी झाले. त्याला कित्येक उन्हाळे लोटले. दुसरी चिप कुठल्याशा उघड्यावरच्या दिव्यात सुखाने काम करते आहे, चांगली आहे ती. मला मात्र कुणीतरी ओल्या अंधारात नेऊन विचारले, इथून बोलता येते का तुला? त्याबद्दल मी जन्माची आभारी आहे.

मित्रांनो, एकच मागणे. पावसाळ्यात कूलर झाकून ठेवाल तेव्हा माझा सेल आधी काढा. तो आतल्या आत गळला तर मी खंगत जाईन आणि पुढच्या मे महिन्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिट्टी वाजणार नाही.

थांबा, पाणी खाली गेले. सांगून येते.

"उघडते वं बाई, उघडते," आत्या म्हणतात. अजून नंदनवनातूनच.

टाकी भरत आली. आता झोपते.