हेकला कोकणी करताना

अभय साठ्यांच्या पत्राला रवींद्र सामंतांनी उत्तर दिलंच नव्हतं. नकार लिहिणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. जो मसुदा करावा तो माफीनाम्यासारखा वाटे.

साठे सिंगापुरात, हार्बरफ्रंटच्या एका मासळी कंपनीचे डायरेक्टर. सामंतांचा जावई रुचिर त्यांच्याच हाताखाली होता. कंपनी हेक विकायची. नामिबियाच्या थंड समुद्रात हा मासा धरायचा, जहाजावरच त्याचं डोकं उडवायचं, चीनमध्ये सोलायचा आणि इथल्या एसीत बसून स्पेनला विकायचा. ऑफिसात कुणी अख्खा हेक पाहिला नव्हता. डोक्याची उणीवही कुणाला भासत नव्हती.

आता तो इथल्या मराठी मंडळींच्या गळी उतरवायचा होता. सामंतांनी पूर्वी कोकणातल्या मासळीवर पुस्तक लिहिलेलं. म्हणून त्यांच्या नावाने ब्रोशरमध्ये छापायचं वाक्य साठ्यांनी पत्रातून तयारच पाठवलं होतं: 'हेक म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ.'

रविवारी साठे हेक घेऊन रुचिरच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटवर आले. सामंतांच्या मुलीने, अश्लेषाने, तिरफळं घालून कालवण केलं. झाकण काढलं तर तुकड्यांचा लगदा.

"काय वास सुटलाय!" साठे म्हणाले. ते शुद्ध शाकाहारी. वरणभात जेवत होते. "सर, तुमचं वाक्य शुक्रवारी छापायला जातंय."

"पण मी उत्तर..."

"दिलं नाहीत, म्हणून होकारच धरला आम्ही."

सामंतांनी ताटातला लगदा बोटाने बाजूला सारला. "साठे, याचा कल्ला कसा असतो हो?"

"कल्ला?"

"आमच्याकडे कल्ला उघडून, आत लाल आहे ना ते बघून मासा घेतात."

"डोकं येत नाही सर. उगाच भाडं पडतं त्याचं."

"मग ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याला सुरमईचा भाऊ कसं म्हणू?"

"ब्रोशर आहे सर, सोयरीक नाही!"

साठे गेल्यावर रुचिर म्हणाला, "बाबा, माझं प्रमोशन त्यांच्या हातात आहे. एका ओळीने काय बिघडतं? अश्लेषा, सांग ना."

"मी काय सांगू? सुरमईचा भाऊ मला डावाने खरवडून वाढावा लागला."

सामंतांना जावयाकडे बघवेना. खोलीत जाऊन त्यांनी साठ्यांना लिहिलं: 'हेक मऊ मासा आहे. सुरमईशी त्याचं नातं नाही. बटाट्याबरोबर उकडावा. याहून जास्त माझ्या नावाने छापू नये. राग माझ्यावर काढावा, रुचिरवर नको.' शेवटचं वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं.

सकाळी एलआरटी स्टेशनजवळच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि तसंच धरून उभे राहिले. मागे हातात बिलाचं पाकीट घेऊन एक चिनी आजी ताटकळत होती.

"अंकल, फिनिश ऑर नॉट?"

त्यांनी बोटं सोडली.

"फिनिश," ते म्हणाले.