लाल रेषा

नवी पिकअप दारात आली त्या दिवशी काचवाल्याने ती तीनदा धुतली. एकदा वाटेतली धूळ बसली होती म्हणून, एकदा शेजाऱ्यांनी हात लावून पाहिली म्हणून आणि एकदा काही कारण नसताना. बावीस वर्षं तो लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत आला होता आणि बावीस वर्षं त्या भाड्याच्या टेम्पोतून नेत होता. आता स्वतःची गाडी, तीही हौसेने वेगळे चकचकीत रिम बसवून घेतलेली. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

चौथ्यांदा बादली भरत होता तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. ताईने एकतीस वर्षं बसडेपोत मेकॅनिक म्हणून काढली होती. तिथे तिला सगळे पानाबाई म्हणत, कारण तिच्या पान्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. नवी गाडी पाहायला येणारे आधी रंगाचं कौतुक करतात. ताई आली ती थेट गाडीखाली गेली, आणि बाहेर आली ती हात झटकत.

"गाडीबरोबर पुस्तक दिलं असेल. वाचलंस?"

"गाडीचं पुस्तक कोण वाचतं, ताई?"

"कुणी वाचत नाही, म्हणून तर मला एकतीस वर्षं पगार मिळाला."

मग चष्मा लावून ती पायरीवर बसली आणि ते पुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीवर बोट ठेवून वाचलं. वाचून झाल्यावर फर्मानं सुटली. पहिले हजार किलोमीटर निम्माच माल. दामटायची नाही. हजार झाले की इंजिनाचं ऑइल बदलायचं, पुस्तकात उशिराचा आकडा असला तरी, कारण नवे भाग घासून बारीक कीस त्यात उतरतो. आणि शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळायचे, कारण नवे रिम जागेवर बसायला वेळ घेतात.

"अगं, कोरी करकरीत गाडी आहे! ताप यायच्या आधीच औषध?"

"नव्याचे नऊ दिवस सगळेच लाड करतात," ताई म्हणाली. "त्या नऊ दिवसांत तू तिच्याशी नीट वाग, म्हणजे पुढे ती तुझ्याशी नीट वागेल."

एवढ्यावर थांबली असती तर काचवाल्याने सोसलं असतं. पण तिने त्याच्या बायकोकडून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि प्रत्येक नटावरून शेजारच्या रिमवर जाईल अशी एकेक बारीक रेषा ओढली. चार चाकं, वीस नट, वीस रेषा. नट जरा जरी फिरला तर रेषा तुटलेली दिसणार. वाकून नुसती नजर टाकली की काम झालं.

आता काचवाल्यांची जात अशी, की डाग दिसला की हात शिवशिवतो. या माणसाने परक्याच्या लग्नात जेवताना उठून खिडकीवरचा ठसा पुसला होता. चकचकीत रिमवरचे ते लाल फराटे त्याला डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखे खुपायला लागले. दोन दिवस त्याने कळ काढली. तिसऱ्या दिवशी थिनर आणि फडकं घेतलं आणि वीसच्या वीस रेषा साफ केल्या.

आठवड्याने ताईचा फोन आला. "शंभर झाले का? रेषा पाहिल्यास?"

"हो हो, पाहिल्या," तो म्हणाला. "सगळ्या सरळ आहेत."

त्याचं सगळं लक्ष तेव्हा वाचनालयाच्या कामाकडे होतं. नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीला माणसापेक्षा उंच सहा काचा बसवायच्या होत्या. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. एक जरी काच फुटली तर नवी कापून यायला महिना लागणार आणि काम दुसऱ्याकडे जाणार, हे वाचनालयवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं. निम्म्या मालाचा नियम तेवढा त्याने पाळला: दोन फेऱ्या, तीन-तीन काचा. ताई म्हणाली, "मीही येते बरोबर. घाटातून जायचंय."

सकाळी पहिल्या तीन काचा गाडीत लाकडी घोडीला टेकवून, दोर आवळून तयार होत्या. ताई आली आणि सवयीने मागच्या चाकाशी वाकली. मग पुढच्या. मग फेरी मारून पुन्हा मागच्या.

"रेषा कुठायत?"

"पुसल्या," काचवाला म्हणाला. "घाण दिसत होत्या." धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पिशवीतून आपला तो पाना काढला. ठरलेला जोर लागला की हा पाना 'टक' असा आवाज करतो आणि सांगतो की बस. पुढचं उजवं चाक: टक, टक, टक, टक, टक. पुढचं डावं तसंच. मागचं उजवंही. काचवाल्याचा जीव भांड्यात पडत आला होता, तेवढ्यात मागच्या डाव्या चाकाचा पहिला नट फिरला. फिरतच राहिला. अर्ध्या फेऱ्याने टक झालं. दुसरा तसाच. तिसराही.

काचवाल्याने मनाशी हिशेब केला. त्या चाकावर तीन काचा होत्या, तो होता, आणि शेजारी ताई बसणार होती.

"मला फसवलंस ते जाऊ दे," शेवटचा नट आवळून ती म्हणाली. "त्या चाकाला कसं फसवणार होतास?"

आणि फडक्याने हात पुसून गाडीत जाऊन बसली.

सहाही काचा संध्याकाळपर्यंत बसल्या. वाचनालयाच्या बाई आतून तरातरा आल्या आणि कपाळ आपटता आपटता थांबल्या. "अगं बाई, इथे काच आहे होय!" काचवाल्याला याहून मोठं बक्षीस नसतं. पण त्याची नजर बाहेर होती. रस्त्याकडेला ताई पुन्हा मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसून पाना लावत होती. तिच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत किती बसगाड्या वाटेत बंद पडल्या नाहीत, किती माणसं वेळेवर घरी पोचली, त्यातल्या एकानेही तिचं नाव विचारलं नसेल. आपणही तिला तिच्या कामाबद्दल कधी विचारलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला लाजही वाटली आणि ऊर भरून येईल एवढा बहिणीचा अभिमानही वाटला.

घरी आल्यावर बायकोने न मागता नेलपॉलिश पुढे केलं. या वेळी वीस रेषा त्याने स्वतः ओढल्या, थोड्या वाकड्या. जाताना ताई पाना तिथेच ठेवून गेली. तो हाक मारत मागे धावला, तर म्हणाली, "विसरले नाही. ठेवलाय."

पंधरा दिवसांनी सकाळी त्याने फोन केला.

"ताई, मागचं डावं चाक. दुसरा नट. रेषा केसभर सरकलीय."

"खरं सांगतोस?"

"अगदी खरं. वाकूनच बोलतोय."



"मग फोन चाकापाशी ठेव," ताई म्हणाली, "आणि पाना लाव. मी ऐकते."

त्याने फोन जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी पाना ओढला.

टक.

"हं," फोनमधून आवाज आला. "आता पुढचा."